अर्ध्या तासाचा सांगावा

दिवाळीचा आणि चंद्राचा छत्तीसाचा आकडा. लक्ष्मीपूजन अमावास्येला येते, म्हणून तर अंगणातली एवढीशी पणतीही त्या रात्री नजरेत भरते. चंद्र नको असणारी आणखी एक जमात या पृथ्वीच्या पाठीवर आहे. टास्मानियाच्या आणि न्यूझीलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ऐन थंडीत, अंगावर दोन-दोन लोकरी कपडे चढवून आणि तिवईवर कॅमेरा लावून ही मंडळी दक्षिण क्षितिजाकडे तोंड करून उभी असतात. त्यांचीही एक दिवाळी असते. फक्त ती पंचांगात छापलेली नसते. ती येते तेव्हा बहुधा अर्ध्या तासाच्या सांगाव्याने येते. भरल्या ताटावरून उठून धावावे लागते, आणि धावणाऱ्याच्या नशिबी पुष्कळदा नुसते ढग असतात.

त्यांना जे पाहायचे असते, तो दक्षिण ध्रुवप्रकाश. उत्तरेकडच्या त्याच्या भावंडाची कीर्ती फार मोठी. नॉर्वे, स्वीडन, कॅनडा या देशांतली गावेच्या गावे त्या प्रकाशाच्या छायेत वसलेली आहेत. दक्षिणेला मात्र त्या पट्ट्यात आहे खवळलेला समुद्र आणि त्यापलीकडे बर्फ. प्रकाश तोच, पण पाहणारे डोळे थोडे. त्यामुळे दक्षिणेच्या या दिव्यांचा इतिहास म्हणजे ‘वेळेवर तिथे कोण हजर होते’ याचाच इतिहास आहे. माणसाला हा सांगावा आधी मुळीच मिळत नव्हता. मग तो थोडाथोडा कसा मिळू लागला, याची हकीकत मोठी रंजक आहे.

युरोपातल्या दर्यावर्दींनी या प्रकाशाला नाव देण्याच्या कितीतरी आधी तो पाहणारी माणसे तिकडे होतीच. न्यूझीलंडचे माओरी लोक त्याला ‘ताहु-नुई-अ-रांगी’, म्हणजे आकाशातला मोठा जाळ, म्हणत. देशाच्या दक्षिण टोकाशी असलेल्या स्ट्यूअर्ट बेटाचे त्यांच्या भाषेतले नाव ‘राकिउरा’. त्याचा अर्थ ‘तेजाने उजळलेले आकाश’ असा सांगतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अनेक आदिवासी जमातींनी या उजेडाचा संबंध आगीशी, रक्ताशी आणि पितरांच्या कोपाशी जोडला होता. तो उजेड तिकडे लाल का दिसतो, ते पुढे येईलच.

कॅप्टन जेम्स कुकची गाठ या प्रकाशाशी दोनदा पडली असावी. १७७० च्या सप्टेंबरात त्याचे ‘एंडेव्हर’ जहाज तिमोर बेटाच्या आसपास असताना जोसेफ बँक्स आणि चित्रकार सिडनी पार्किन्सन यांनी रात्री आकाशात तांबूस उजेड पाहिला आणि टिपून ठेवला. त्याच सुमारास चीनमध्ये आणि जपानमध्येही रात्रीचे आकाश लाल झाल्याच्या नोंदी आहेत. या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहायला पुढे दोनशेहून अधिक वर्षे जावी लागली. दुसरी भेट १७७३ च्या फेब्रुवारीतली. ‘रेझोल्यूशन’ जहाज ५८ अक्षांशाच्या आसपास, बर्फाच्या डोंगरांमधून वाट काढत होते. सोबतचे ‘ॲडव्हेंचर’ जहाज आठवड्यापूर्वीच धुक्यात दुरावलेले. १७ तारखेच्या मध्यरात्रीनंतर पहाऱ्यावरच्या लोकांना आकाशात उजेडाचे खांब दिसले. कुकने आपल्या रोजनिशीत लिहिले आहे, की उत्तरेच्या प्रकाशासारखाच हा प्रकाश होता, पण दक्षिणेला असे काही दिसल्याचे आपण पूर्वी ऐकले नव्हते. उत्तरेच्या नावावरून त्याने याला ‘ऑरोरा ऑस्ट्रॅलिस’ म्हटले. सांगावा शून्य मिनिटांचा. पाहिला तो निव्वळ जागा होता म्हणून.

पहिला निरोप्या सापडला तो मात्र अगदी साधा, म्हणजे होकायंत्रातली लोखंडाची सुई. १७४१ साली स्वीडनमध्ये अंडर्स सेल्सियस आणि त्याचा सहकारी ओलोफ हिओर्टर यांच्या ध्यानात आले, की ध्रुवप्रकाशाच्या रात्री चुंबकाची सुई थरथरते. (ज्याच्या नावाने आपण तापाचे अंश मोजतो, तोच हा सेल्सियस.) त्याच वेळी लंडनमध्ये जॉर्ज ग्रॅहॅमच्या सुईनेही तशीच चुळबूळ केल्याचे पत्रव्यवहारातून कळले. दूरदूरच्या दोन गावी एकाच वेळी सुई हलते, म्हणजे काहीतरी साऱ्या पृथ्वीला हात घालणारे घडते आहे, एवढे उघड झाले. ते कुठून येते हे कळायला आणखी शंभरावर वर्षे लागली, आणि तिथे आपल्या मुंबईचा संबंध येतो.

१ सप्टेंबर १८५९. इंग्लंडात रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन हा हौशी ज्योतिषी दुर्बिणीतून पडद्यावर पाडलेल्या सूर्यबिंबावरचे डाग चितारत होता. सकाळी सव्वाअकराच्या सुमारास डागांच्या एका पुंजक्यात दोन ठिकाणी झगझगीत उजेड फुटला आणि पाचएक मिनिटांत विझून गेला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर असे चुंबकीय वादळ उठले, की अमेरिकेतल्या तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून ठेवून नुसत्या आकाशातून आलेल्या विजेवर तारा पाठवल्या. चिलीतल्या सान्तियागोपर्यंत दक्षिण ध्रुवप्रकाश दिसला.

मुंबईत तो महिना भाद्रपद, पक्ष शुक्ल. घरोघरी गणपतीचे दिवस. वादळाने उचल खाल्ली तेव्हा इकडे लख्ख दिवस होता, त्यामुळे आकाशात काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पण कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली बांधलेली वेधशाळा होती आणि तेथे १८४१ पासून चुंबकाच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. नोंद घ्यायची म्हणजे माणसाने स्वतः यंत्राशी जाऊन डोळ्याने आकडा वाचायचा आणि वहीत उतरवायचा. एरवी हे काम तासातासाने. सुई अस्वस्थ झाली की काही काही मिनिटांनी. त्या दिवशी चुंबकत्वाचा आकडा धाडकन कोसळत होता. यंत्र बिघडले असे म्हणून कोणी खुर्चीवरून उठून गेले नाही; वाचत राहिले, लिहीत राहिले. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी आणि गुरबक्ष लाखिना प्रभृती शास्त्रज्ञांनी त्या वह्यांतले आकडे पुन्हा तपासले. तेव्हा ती घसरण सुमारे १६०० नॅनोटेस्ला भरली. त्या वादळाचा जोर आज आकड्यांत सांगायचा तर जगाला कुलाब्याच्या वहीचा आधार घ्यावा लागतो. ज्यांनी ती वही लिहिली, त्यांना त्या वादळाचा एक किरणही दिसला नव्हता.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या यायच्या ठरल्या, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने सुया बिघडतील म्हणून हे काम खाडीपलीकडे अलिबागला हलवण्यात आले. १९०४ साली तेथे लोहाचा अंश नसलेल्या पोरबंदरी दगडाची वेधशाळा उभी राहिली. हे स्थलांतर घडवणारे नानाभाई मूस हे कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. साठ वर्षांच्या नोंदींचे त्यांनी १९१० साली छापलेले ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात.

आता कॅमेऱ्याकडे वळू. ध्रुवप्रकाश डोळ्यांनी पाहणे एक आणि काचेवर पकडणे दुसरे. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोच्या काचा मंद होत्या आणि हा उजेड क्षणाक्षणाला हलणारा. सोफुस ट्रॉमहोल्ट याने १८८२-८३ चा अख्खा हिवाळा नॉर्वेच्या उत्तर टोकाला काढला, पण काचा कोऱ्याच राहिल्या. १८९२ च्या जानेवारीत मार्टिन ब्रेंडेल या जर्मनाला तिकडेच बॉसेकॉप येथे पहिले बरे छायाचित्र मिळाले. या कामाचे शास्त्र केले ते कार्ल स्टर्मर या गणिताच्या प्राध्यापकाने. हे गृहस्थ कॉलेजात असताना जाकिटाच्या आत कॅमेरा लपवून आणि काजाच्या भोकातून भिंग काढून क्रिस्तियानियाच्या रस्त्यावर येणाऱ्याजाणाऱ्यांची चोरून छायाचित्रे घेत! नकळत पळणारे सावज टिपण्याची ती सवय पुढे कामी आली. १९१० साली त्यांनी सिनेमाच्या कॅमेऱ्याचे, भरपूर उजेड आत घेणारे भिंग बसवले. दोन ठिकाणी दोन माणसे उभी केली, त्यांना टेलिफोनने जोडले आणि इशारा होताच दोघांनी एकाच क्षणी एकाच प्रकाशाचे चित्र घ्यायचे अशी व्यवस्था केली. मागच्या ताऱ्यांच्या तुलनेने तो प्रकाश दोन चित्रांत किती सरकला ते मोजले की त्याची उंची निघते. खालची कड बहुधा शंभर किलोमीटरच्या आसपास आली. ढग ज्या उंचीवर तरंगतात, तिच्या कितीतरी पट वर.

आणि दक्षिणेला? १९११ साली कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेबरोबर हर्बर्ट पाँटिंग हा त्या काळचा नामांकित छायाचित्रकार अंटार्क्टिकात केप एव्हन्स येथे राहिला होता. बर्फाच्या गुहांची आणि जहाजांची त्याने घेतलेली चित्रे आजही अप्रतिम वाटतात. पण ध्रुवप्रकाशाने त्याला दाद दिली नाही. वाचकाला वाटेल, ध्रुवाच्या इतक्या जवळ जाऊन असे कसे व्हावे? गंमत इथेच आहे. हा प्रकाश ध्रुवाच्या डोक्यावर नसतो. चुंबकीय ध्रुवाभोवती तो कड्यासारखा फिरलेला असतो, आणि स्कॉटची छावणी त्या कड्याच्या आत पडली होती. वाड्याच्या आत बसलेल्याला दरवाज्यावरची रोषणाई दिसू नये, तसे झाले.

कड्याचे हे गणित टास्मानिया आणि न्यूझीलंडच्या मात्र पथ्यावर पडले आहे. दक्षिणेचा चुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवावर नसून ऑस्ट्रेलियाच्या बाजूला झुकलेला आहे. होबार्ट शहर ४३ अक्षांशावर, म्हणजे उत्तरेत साधारण रोमच्या जोडीचे. पण चुंबकाच्या हिशेबाने ते बरेच अधिक दक्षिणेला मोजावे लागते. सूर्यावर खळबळ झाली की कडे फुगते आणि त्याची वरची किनार होबार्टच्या समुद्रावर डोकावते. मोठ्या वादळात तर ते कुठवर येईल याचा नेम नाही. १९२१ च्या मे महिन्यात सामोआ बेटावरच्या आपिया वेधशाळेतून, म्हणजे विषुववृत्तापासून अवघ्या चौदा अंशांवरून, तो दिसल्याची नोंद आहे.

डोळे थोडे असतील तर ते वाढवावेत, असे न्यूझीलंडमधल्या मरे गेडिस या शाळामास्तराच्या मनाने घेतले. १९३० नंतरच्या दशकात त्याने हौशी निरीक्षकांचे जाळे विणले. कोणी काय, कुठे, किती वाजता पाहिले ते त्याला लिहून कळवायचे. पुढे तो वेलिंग्टनच्या कार्टर वेधशाळेचा प्रमुख झाला, महायुद्धात नौदलात गेला आणि १९४४ साली, ऐन पस्तिशीच्या आसपास, स्कॉटलंडमध्ये वारला. त्याने लावलेली पत्राने कळवण्याची सवय मात्र टिकली.

१ जुलै १९५७ रोजी आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष सुरू झाले, तेव्हा सांगाव्याला प्रथमच सरकारी रूप आले. सूर्यावर गडबड दिसली की अमेरिकेतल्या फोर्ट बेलव्हॉर येथून जगभरच्या केंद्रांना ‘सावध राहा’ अशी तार जाई. अंटार्क्टिकात आणि आसपासच्या बेटांवर नवे कॅमेरे बसले होते. बहिर्गोल आरसा खाली आणि कॅमेरा वर; आरशात सारे आकाश उतरते आणि कॅमेरा त्याची ठरावीक वेळाने चित्रे घेत राहतो. माणसाला डुलकी लागली तरी चालावे, अशी ही सोय. पण तारेने येणारा निरोप मोघम असे. ‘उद्या-परवा काहीतरी होईल’, एवढाच.

तो नेमका होण्याआड एक अडचण होती. सूर्यावरून विद्युत्भारित कणांचा वारा सतत वाहत असतो. स्फोट झाला की त्यातून चुंबकत्व पोटात घेऊन एक प्रचंड ढग सुटतो आणि एक ते तीन दिवसांत पृथ्वीपाशी येतो. तो निघाला हे दुर्बिणीला दिसते. पण आपल्या दारावर येऊन तो काय करील, हे त्याच्या पोटातल्या चुंबकत्वाच्या दिशेवर ठरते. १९६१ साली जेम्स डंगी या इंग्रज शास्त्रज्ञाने हे सूत्र मांडले. दिशा दक्षिणेकडे असेल तर पृथ्वीच्या चुंबकीय कवचाचे दार उघडते, कण आत शिरतात आणि आकाश पेटते. दिशा उत्तरेकडे असेल तर तोच ढग बहुतांशी बाजूने निघून जातो. आणि ही दिशा लांबून दिसत नाही. ढग अंगावरून गेला तरच मोजता येते.

म्हणून माणसाने वाटेवर चौकी बसवली. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने पंधरा लाख किलोमीटरवर एक अशी जागा आहे, की तेथे ठेवलेले यान पृथ्वीबरोबरच सूर्याभोवती फिरत राहते. १९९७ साली अमेरिकेने ‘एस’ नावाचे यान तेथे पाठवले. भारताचे ‘आदित्य-एल१’ २ सप्टेंबर २०२३ ला निघून ६ जानेवारी २०२४ ला तेथे पोचले. पंधरा लाख किलोमीटर हे अंतर ऐकायला मोठे. पण सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे. शंभर कोसांच्या वाटेवर शेवटच्या कोसाला चौकी असावी, तसे हे झाले. वाऱ्याच्या वेगाप्रमाणे तेथून इथवर यायला ढगाला पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ लागतो. अर्ध्या तासाचा सांगावा तो हाच. माणसाची हुशारी कमी पडते म्हणून तो अपुरा नाही. चौकीच तेवढी जवळ आहे.

या अर्ध्या तासात काय करायचे? होबार्टजवळच्या साउथ आर्मच्या किनाऱ्यावरचे किंवा ड्यूनेडिनजवळच्या ओटागो द्वीपकल्पावरचे अनुभवी लोक म्हणतील, की आयत्या वेळी काहीच करायचे नाही, सगळे आधीच केलेले असले पाहिजे. दक्षिणेला शहराचे दिवे नाहीत अशी जागा दिवसाउजेडी हेरून ठेवायची. थंडीत बॅटरी लवकर उतरते म्हणून जादा बॅटरी खिशात उबेत ठेवायची. रुंद दृष्टीचे आणि भरपूर उजेड घेणारे भिंग लावायचे, एखाद्या ठळक ताऱ्यावर हाताने नेम धरून ते पक्के करायचे आणि शटर पाच-दहा सेकंद उघडे ठेवायचे. प्रकाश वेगाने नाचत असेल तर त्याहून कमी, नाहीतर त्याच्या झालरी एकमेकींत मिसळून नुसता धूर उरतो. बॅटरीवर लाल कागद लावायचा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. आणि ढग असतील तर गाडीत बसून दुसरा किनारा गाठायचा. २०१७ च्या मार्चमध्ये ओटागो संग्रहालयाचे संचालक इयन ग्रिफिन यांनी तर ढगांची कटकटच नको म्हणून ड्यूनेडिनहून खास विमान भरून नेले आणि प्रवाशांना ढगांच्या वरून हा प्रकाश दाखवून आणले.

नवशिक्याची एक निराशा मात्र ठरलेली. चित्रांत पाहिलेला किरमिजी-हिरवा पडदा शोधत तो जातो आणि डोळ्यांना दिसते ती करडी, चुन्यासारखी फिकट पट्टी. ‘फोटो खोटे असतात’ असे म्हणून तो परततो. फोटो खोटे नसतात. अंधारात काम करणाऱ्या आपल्या डोळ्यातल्या पेशींना रंग ओळखता येत नाहीत, आणि लाल रंग तर त्यांना जवळजवळ दिसतच नाही. कॅमेरा दहा सेकंदांचा उजेड साठवून रंग बाहेर काढतो. हिरवा रंग शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या ऑक्सिजनचा, लाल दोनशेहून वरच्या ऑक्सिजनचा. कडे दूर दक्षिणेला असल्यामुळे त्याचा हिरवा पायथा क्षितिजाखाली जातो आणि लाल माथा तेवढा वर राहतो. म्हणून तर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींना मोठ्या वादळाच्या रात्री आग आणि रक्त दिसले. उजेड पुरेसा प्रखर झाला, की डोळाही लाल पाहतो.

असा प्रखर उजेड २०२४ च्या मे महिन्यात जगाने पाहिला. सूर्यावरच्या डागांच्या एका अवाढव्य पुंजक्यातून एकामागून एक ढग सुटले. १० मे रोजी, आपल्याकडे अक्षय्य तृतीया होती त्या रात्री साडेदहाच्या सुमारास, ते पृथ्वीवर थडकले. तेव्हा टास्मानियात पहाटेचे तीन आणि न्यूझीलंडमध्ये पाच वाजले होते. जे उठले त्यांना सूर्योदयापूर्वीचे काही तास मिळाले. वादळाचा कळस झाला तेव्हा तिकडे भर दुपार होती. किती रंग उन्हात विरून गेले, कोण जाणे. पण ११ तारखेच्या रात्रीही जोर पुरेसा उरला होता. चंद्राची नुसती कोर होती, तीही लवकर मावळणारी. एरवी ध्रुवप्रकाश ठाऊक नसलेल्या क्वीन्सलंडपर्यंत लोकांनी अंगणात उभे राहून लाल आकाश पाहिले आणि खिशातल्या फोनने टिपले. उत्तर गोलार्धात लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनीही क्षितिजावरची लाली पकडली. ‘आदित्य’च्या उपकरणांनी त्या वादळाचा वारा मोजला.

त्याच रात्री न्यूझीलंडच्या वीजवाहक कंपनीने खबरदारी म्हणून काही वाहिन्या बंद ठेवल्या होत्या. ही धास्ती उगाच नव्हती. १९८९ च्या मार्चमधल्या वादळाने कॅनडातला क्वेबेक प्रांत सुमारे नऊ तास अंधारात टाकला होता. आकाशातले दिवे आणि घरातले दिवे यांचे वैर असे जुने आहे. हौशी छायाचित्रकार ज्या सांगाव्यावर कॅमेरा उचलतो, त्याच सांगाव्यावर वीजघरातला माणूस खटका बंद करायचा की नाही ते ठरवतो. अर्धा तास दोघांनाही सारखाच.

पूर्व अंटार्क्टिकात १९८९ पासून भारताचे ‘मैत्री’ स्थानक आहे. कड्याच्या जागेच्या दृष्टीने ते पाँटिंगच्या छावणीपेक्षा भाग्यवान. तेथे हिवाळा काढणाऱ्या आपल्या मंडळींच्या डोक्यावर हे दीप मनसोक्त नाचतात, आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेची यंत्रे खाली बसून त्यांचा हिशेब ठेवतात. ही संस्था म्हणजे कुलाबा-अलिबागच्या घराण्याचीच पुढली पिढी.

यंदाच्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण दारात पणत्या लावून बसू, तेव्हा टास्मानियात रात्रीचा दुसरा प्रहर चालू असेल. कोणाच्या तरी दाराशी कॅमेऱ्याची पिशवी भरून ठेवलेली असेल. आणि अलिबागला, फटाक्यांच्या आवाजाकडे लक्ष न देता, पोरबंदरी दगडांच्या भिंतींआड चुंबकाचा आकडा नोंदला जात असेल. तो जरा जास्त हलला, तर समजावे की तिकडे कोणीतरी ताटावरून उठले आहे.